पांढरी चार

स्नेहलताबाईंनी लग्नात आडनाव बदललं, पण पट्टी बदलली नाही. हे त्या स्वतःच सांगायच्या, आणि नवीन माणूस भेटला की पहिल्या पाच मिनिटांत सांगायच्या. आता पट्टी म्हणजे काय? तर पेटीवरची जी पट्टी दाबून तिला आपण आपला सा म्हणतो, ती आपली पट्टी. बायकांत कुणी काळी तीनला गातं, कुणी काळी चारला. स्नेहलताबाई काळी पाचला गायच्या. म्हणजे चांगल्याच उंच. तिथून वरचा सा लावायचा तर भल्याभल्यांचे डोळे पांढरे होतात, आणि स्नेहलताबाई तो सा लावून वर पदर सारखा करायच्या. चौदाव्या वर्षी गुरुजींनी काळी पाच ठरवून दिली, ती त्यांनी धरमपेठेतल्या आपल्या क्लासात पन्नास वर्षं सांभाळली. नागपुरात त्यांना काळी पाचवाल्या बाई असंच नाव होतं, आणि ते त्यांना मनापासून आवडायचं.

असल्या सासूबाई ऑगस्टात आयर्लंडमध्ये, लिक्सलिपला मुलीकडे येऊन थडकल्या आणि जावयाची पंचाईत झाली. जावयाचं नाव अभिजित. तो चिपच्या कारखान्यात इंजिनिअर. लहानपणी पुण्यात तीन वर्षं पेटी शिकलेला, दोन परीक्षा पास झालेला आणि मग कॉलेजच्या नावाखाली सुटलेला. तेवढ्या भांडवलावर तो इथल्या मराठी मंडळात पेटीवाला म्हणून मिरवत होता. कॅनडाला निघालेल्या एका कुटुंबाची पेटीही त्यानं घेतली होती. चांगली, स्केल-चेंजर. म्हणजे तिच्या सगळ्या पट्ट्या एकगठ्ठा डावी-उजवीकडे सरकवता येतात. बोटं त्याच पट्टीवर ठेवायची आणि सूर मात्र वर किंवा खाली मिळवायचा. आळशी पेटीवाल्यांसाठी याहून मोठी सोय देवानं केलेली नाही.

सासूबाईंनी आल्या-आल्या पेटीवर हात फिरवला, भाता ओढून पाहिला आणि म्हणाल्या, "पेटी चांगली आहे. तुम्ही वाजवता ना अभिजितराव? मग धरा, काळी पाच."

धरली. बिचारा काय करणार?

त्यातच मंडळाच्या शोभनाताई चहाला आल्या आणि दिवाळी पहाटेत तुम्ही गाल का म्हणून विचारून बसल्या. दिवाळी पहाट दुपारी साडेतीनला होती, कारण शाळेचा हॉल सकाळी योगवाल्यांनी वर्षभरासाठी धरून ठेवलेला. स्नेहलताबाईंना हे ऐकून आधी हसू फुटलं, मग त्यांनी नाक वर केलं.

"पहाट दुपारी करून राहिले तुम्ही, ठीक आहे. पण मी साडेतीनला भैरव गाणार नाही. दुपारचा राग गाईन. भीमपलास."

"काहीही गा काकू, तुमच्या आवाजात सगळंच छान वाटेल," शोभनाताई म्हणाल्या. स्नेहलताबाईंना 'काहीही' हा शब्द अजिबात आवडला नाही, पण त्या गायला तयार झाल्या.

आणि मग रियाजाला बसल्या आणि वरच्या सा ला आवाज फाटला.

पहिल्या दिवशी त्यांनी विमानातल्या एसीला नावं ठेवली. दुसऱ्या दिवशी इथल्या दुधाला. तिसऱ्या दिवशी बाहेर भुरभुर पडत होती, तिच्यावर खापर फुटलं. वरच्या खोलीत घरून काम करत बसलेला अभिजित हे सगळं ऐकत होता. आवाज चढायचा, चढायचा, वरच्या सा च्या उंबऱ्यापर्यंत जायचा आणि तिथे चिरकायचा. मग खाकरणं. मग पाण्याचा घोट. मग पुन्हा तेच. आठवडाभरानं तेही बंद झालं. पेटीवर कापड आलं.

"शोभनाला सांगून टाक," त्या उल्काला म्हणाल्या. उल्का म्हणजे त्यांची मुलगी. ती बॉल्सब्रिजला एका ऑफिसात नोकरीला होती, आत्ताच दमून घरी आली होती. "म्हणावं आईची तब्येत बरी नाही."

"काय झालंय तब्येतीला?"

"काही नाही. झालं आता गाणं. खूप झालं."

हे त्या इतक्या साध्या आवाजात म्हणाल्या, की उल्का तिथेच खुर्चीत बसली. आई रागावली असती तर चाललं असतं, आईचा राग तिला पाठ होता. ही शांत आई तिच्या ओळखीची नव्हती. त्या दिवसापासून स्नेहलताबाई खिडकीशी बसून शेजाऱ्यांच्या बागेत बघत राहायच्या, जेवणाला हाक मारली की यायच्या, आणि नागपूरचा फोन आला की 'आत्ता जरा कामात आहे म्हणावं' असं खुणेनं सांगायच्या. बाई गाण्याशिवाय अर्ध्या झाल्या. घरातल्या प्रत्येकाला ते दिसत होतं.

आता इथे जावयानं डोकं चालवलं. म्हणजे चालवायला नको होतं, पण इंजिनिअर माणूस, त्याला राहवेना.

झालं असं, की एका संध्याकाळी स्नेहलताबाई भाजी चिरत होत्या आणि चिरता चिरता गुणगुणत होत्या. त्यांचं त्यांना भान नव्हतं. अभिजित पाणी प्यायला आला आणि दारातच थांबला. आवाज कसा अगदी मऊ, गोल, भरलेला. कुठे ओढाताण नाही, कुठे खरखर नाही. त्यानं हळूच फोन काढला. फोनवर गिटार सुरात लावायचं ॲप होतं, ते उघडून पाहिलं. बाईंचा सा पांढरी पाचवर होता. काळी पाचच्या तीन घरं खाली! दुसऱ्या दिवशी कांदा चिरताना पाहिलं, तेच. कपड्यांच्या घड्या घालताना पाहिलं, तेच.

म्हणजे गळा गेलेला नव्हताच. गळा खाली राहायला आला होता आणि बाई अजून वरच्या मजल्यावर जाऊन दार वाजवत होत्या.

"मग सांग ना तिला," उल्का म्हणाली.

"तूच सांग."

"मी? वेडा आहेस का? तिला म्हणायचं, आई तुझी पट्टी उतरली? ती दुसऱ्या दिवशी नागपूरचं विमान पकडेल आणि कायमचं तोंड मिटून बसेल."

"मग सांगायलाच नको."

उल्का त्याच्याकडे बघत राहिली. पेटी सरकते हे तिला माहीत होतं. "आई तुला कच्चा खाईल," ती म्हणाली, पण नको म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी अभिजितनं सासूबाईंना लाडीगोडी लावली. मला भीमपलास नीट येत नाही, तुम्ही नुसतं गुणगुणा, मी मागून वाजवतो, माझा सराव तरी होईल. जावयाच्या सरावासाठी बसायला काय हरकत? स्नेहलताबाई बसल्या. पेटीच्या पट्ट्या तो बसण्याआधीच एक घर खाली सरकवून आला होता. तंबोरा तर फोनवरच वाजायचा, तोही त्यानं तेवढाच उतरवला. तो फोन त्यानं खिशात ठेवला आणि आवाज स्पीकरवर सोडला. सासूबाईंच्या डोळ्यांना दिसत होती त्याची बोटं, आणि बोटं होती काळी पाचवर.

तुम्ही म्हणाल, पन्नास वर्षं गाणाऱ्या बाईला कळलं कसं नाही? अहो, कान सुरांना नात्यानं ओळखतो, पत्त्यानं नाही. सा खाली आला की त्याच्याबरोबर रे, ग, म, प, सगळं बिऱ्हाडच खाली येतं. कुणाची कुणाशी जागा बदलत नाही. शिवाय एकेक घर करून आणलं. पहिल्या आठवड्यात एक, मग दुसरं, मग तिसरं. सप्टेंबर संपायच्या आत स्नेहलताबाई पांढरी पाचवर गात होत्या आणि ती काळी पाच आहे अशी त्यांची खात्री होती.

आणि काय गात होत्या! वरचा सा लागला त्या दिवशी त्या गाता गाता थांबल्या. त्यांनी पुन्हा लावला. पुन्हा लागला. मग त्यांनी डोळे पुसले आणि उगाचच अभिजितवर ओरडल्या, "बघता काय, वाजवा!"

 वाजवलं त्यानं.

आता गळा परत आला तर त्याचं श्रेय कुणाला तरी द्यायला हवं. स्नेहलताबाईंनी ते कालव्याला दिलं. लिक्सलिपच्या कालव्याकाठी त्या रोज सकाळी कोट-कानटोपी घालून फिरायला जायच्या, आणि तिथल्या हवेनंच आपला गळा धुऊन निघाला असं त्यांनी ठरवलं. बरं, ठरवून गप्प बसतील त्या स्नेहलताबाई कसल्या? नागपूरला रेवती म्हणून त्यांची जुनी शिष्या होती, आता तीच त्यांचा क्लास बघायची. तिला फोन लावून त्यांनी ठणकावून सांगितलं, "काळी पाच लागून राहिली आहे, चोख! इथली हवाच तशी आहे बाप्पा!" शोभनाताईंना सांगितलं. मंडळातल्या दोन बायका तर सकाळी घसा घेऊन कालव्यावर फिरायला यायला लागल्या. अभिजित हे सगळं मूग गिळून ऐकायचा आणि उल्का त्याच्याकडे बघायची.

गळा उघडला तशी बाईंना शिकवायचीही हुक्की आली. शनिवारी दुपारी नात रेवा आणि तिच्या वयाची पाच पोरं दिवाणखान्यात सतरंजीवर बसायला लागली. या पोरांना मराठी कळायचं सगळं, पण उत्तरं यायची इंग्रजीत, आणि तीही इथल्या हेलात. स्नेहलताबाईंना त्याचं काही नव्हतं. त्यांनी पहिल्या दिवशी पेटी उघडलीच नाही.

"आधी सांगा, सा कुठे असतो?"

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. एकानं पेटीकडे बोट दाखवलं.

"नाही. सा कुठेच ठेवलेला नसतो. सतरंजी जिथे अंथरू तिथे आपण बसतो ना? तसं. एकानं सा लावायचा, कुठलाही, त्याच्या गळ्याला बरा वाटेल तो. बाकीच्यांनी ऐकायचं आणि त्याच्याजवळ जाऊन बसायचं. तो एकदा बसला की मग हलायचं नाही. मग पुढचे सहा सूर आपोआप आपापल्या जागी येतात. तर आज सा कोण देतं?"

ही त्यांची जुनी रीत होती. नागपुरातही पहिला महिना अशीच पेटीशिवाय शिकवणी चालायची. दर शनिवारी नवं मूल सा द्यायचं. बाकीची पोरं आधी इकडेतिकडे भटकायची, एक वर, एक खाली, आणि मग हळूहळू एकत्र यायची. मग टाळ्या वाजवत ताल. सोळा मात्रा, कुठे टाळी, कुठे हात मोकळा, आणि पहिल्या मात्रेला, समेवर, सगळ्यांनी मान हलवायची. पोरांना सम फार आवडायची. तिथे ती मान अशी झटकायची की शेजारच्याला डोकं लागायचं.

स्वयंपाकघरातून हे ऐकताना अभिजितला वाटायचं, सांगून टाकावं आता. जी बाई पोरांना सा कुठेही असतो म्हणून सांगते, ती समजून घेईल. मग त्याला काळी पाचबद्दल नागपूरला गेलेले फोन आठवायचे आणि तो मुकाट्यानं भांडी घासायला लागायचा.

त्यानं सगळ्याचा विचार केला होता. पेटी सरकवलेली कुणाला दिसू नये म्हणून कडेला रुमाल घालायचा. फोन खिशातून काढायचा नाही. तबल्याचा ठेकासुद्धा फोनवरच वाजत होता, तो तंबोऱ्याबरोबर आपोआप खाली यायचा. एक गोष्ट मात्र तो साफ विसरला. कार्यक्रमात तबला खरा असणार होता.

तबल्याला प्रकाश येणार होता, कॉर्कहून. प्रकाश रिंगास्किडीच्या औषध कारखान्यात होता आणि आयर्लंडमध्ये कुठेही मराठी माणूस गाणार असेल तर गाडीत तबला टाकून निघायचा. आता तबलाही सुरात लावावा लागतो, गाणाऱ्याच्या सा ला. उंच पट्टीचा तबला लहान तोंडाचा, खालच्या पट्टीचा मोठ्या तोंडाचा. म्हणून प्रकाशनं आदल्या आठवड्यात फोन करून विचारलं होतं, काकू पट्टी कुठली? फोन स्नेहलताबाईंनीच घेतला. अभिजित कामावर होता.

"काळी पाच," त्यांनी अभिमानानं सांगितलं.

त्या रविवारी हॉलमध्ये चहाची मोठी किटली गरम होत होती, चकल्यांचे डबे उघडले जात होते, दाराशी कोटांचा ढीग पडला होता. प्रकाशनं तबल्यावर हातोडी मारून तो काळी पाचला चोख लावला आणि म्हणाला, "दे रे सा."

अभिजितनं काळी पाच दाबली.

प्रकाशनं तबल्याकडे पाहिलं. मग पेटीकडे. मग अभिजितच्या बोटाकडे. "ही काळी पाच नाही लेका. तुझी पेटी उतरलीये."

 अभिजितनं प्रकाशला बाजूला ओढलं आणि दबक्या आवाजात सगळं सांगितलं. ऐकून प्रकाशनं कपाळावर हात मारला. दुसरा, मोठ्या तोंडाचा तबला कॉर्कला कपाटात होता. हाच खाली उतरवून बघू म्हणून त्यानं हातोडी घेतली, दोऱ्यांखालचे लाकडी गठ्ठे वर ठोकले, ताण सैल केला. एक घर उतरलं. दोन घरं उतरली. तिसऱ्याला तबला पुठ्ठ्याच्या खोक्यासारखा वाजायला लागला.

"चालणार नाही," प्रकाश म्हणाला.

"मलाही एकदा ऐकू द्या," मागून आवाज आला.

स्नेहलताबाई. निळं इरकल नेसून, केसात घरच्याच कुंडीतलं फूल खोचून उभ्या. तबल्यावर टिचकी मारून त्यांनी ऐकलं. पुढे वाकून पेटीची काळी पाच दाबली. मग कडेचा रुमाल उचलला. पट्ट्या किती सरकल्यात हे बघायला त्यांना एक क्षण पुरला.  रुमाल घडी करून पेटीवर ठेवला आणि मागच्या दारानं बाहेर निघून गेल्या.

अभिजित कोट न घेताच मागे धावला. बाहेर गाड्या लावायच्या जागेत गार वारा सुटला होता. त्या एका गाडीपाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या.

"कधीपासून?"

"सप्टेंबरपासून."

"एकदम तीन घरं?"

"नाही. एकेक करून."

"एकेक करून," त्या म्हणाल्या. "लहान मुलाला गुळात घालून औषध देतात तसं. आणि ते कालव्याचं?"

"आई, हवा चांगली आहेच इथली..."

"अभिजितराव."

"नाही. हवेमुळे नाही."

त्या वळल्या. डोळे लाल झाले होते. "सगळ्या नागपूरला सांगून बसले मी. त्या दोन बायका कानटोप्या घालून माझ्या मागून फिरून राहिल्या रोज! माझं हसं केलंत तुम्ही. मला विचारायचं होतं."

"चुकलं माझं. खरंच चुकलं. पण तुम्ही खिडकीत बसून राहायचात, ते मला बघवेना."

"विचारलं असतं तर मी नाहीच म्हटलं असतं," त्या म्हणाल्या. "तेही खरंच. पण आता काय करू, सांगा. काळी पाच गेली. ती गेली तर मी कोण? धरमपेठेतली एक रिटायर्ड बाई. तिला कोण विचारतं?"

 मी विचारतो, असं म्हणावंसं अभिजितला फार वाटलं, पण सासूबाईंना असं कसं म्हणायचं हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.  दोघांनाही थंडी वाजत होती.

तेवढ्यात आत पोरांची तालीम सुरू झाली. त्यांचा कार्यक्रम आधी होता. माइकची खरखर झाली, कुणीतरी विचारलं, "हू'ज गिव्हिंग सा?" आणि मग रेवाचा बारीक आवाज आला. तिनं मनाला येईल तिथे सा लावला. दुसरं एक पोर वर चुकलं, तिसरं खाली गडगडलं, मग दोघं शोधत शोधत आली आणि बसली. चौथं आलं. पाचवं, सहावं आलं. सहा गळे एका जागी आल्यावर तो सूर असा सरळ उभा राहिला की बाहेरच्या वाऱ्यातसुद्धा हलला नाही.

स्नेहलताबाईंनी मान कलती केली. "कुठला सा दिला हिनं?"

अभिजितचा हात सवयीनं खिशातल्या फोनकडे गेला.

"ठेवा तो आत," त्या म्हणाल्या. "कुठला का असेना. बसला ना?"

त्या बराच वेळ ऐकत राहिल्या. मग पदर खांद्यावर ओढून घेतला आणि ताडताड आत गेल्या. सरळ प्रकाशसमोर.

"तबला चढव परत. काळी पाच."

अभिजित पुढे सरसावला. ही बाई आता हट्टानं काळी पाचलाच गाणार, आणि दीडशे माणसांसमोर वरच्या सा ला आवाज फाटणार. "आई, ऐका ना..."

"तुम्ही गप्प राहायचं. दोन महिने फार बोललात बोटांनी."

कार्यक्रम सुरू झाला, पोरांचं झालं. टाळ्या पडल्या. शोभनाताईंनी ओळख करून दिली आणि स्नेहलताबाई मंचावर जाऊन बसल्या. उजवीकडे प्रकाश, डावीकडे पेटी घेऊन अभिजित, चेहरा पांढराफटक. समोर पहिल्या रांगेत उल्का, स्वतःचेच हात घट्ट धरून. बाईंनी हात पुढे केला. "फोन द्या." दिला. त्यांनी तंबोरा सुरू केला आणि स्वतःच्या बोटानं सूर खाली आणायला लागल्या. काळी पाचवरून एक घर, दोन, तीन. अभिजितला वाटलं, आता थांबतील. त्या थांबल्या नाहीत. चार. पाच. मग फोन समोर ठेवून त्यांनी तंबोऱ्याचे दोन झंकार डोळे मिटून ऐकले आणि माइक जवळ ओढला.

"नमस्कार. मी इथे आल्यापासून सगळ्यांना सांगत फिरून राहिले, की मी काळी पाचला गाते. ते काही खरं नाही. आता नाही गात. माझा गळा उतरला, आणि माझ्या जावयाला ते माझ्याआधी कळलं." हॉलमध्ये कुणीतरी हसलं. "हसा, हसा. तर प्रकाश कॉर्कहून काळी पाचचा तबला घेऊन आलाय, कारण मीच तसं सांगितलं. त्याचा तबला मी हलवणार नाही. मीच हलते. आज माझा सा पांढरी चार. मग प्रकाश, तुझी काळी पाच माझी कोण झाली?"

प्रकाशनं मनात मोजलं आणि त्याचा चेहरा उजळला. "मध्यम, काकू!"

"मध्यम. आणि भीमपलासात राजा कोण? मध्यमच. म्हणजे काळी पाच मी टाकली नाही. तिला जागा बदलून दिली."

अभिजितचा जीव भांड्यात पडला आणि लगेच परत बाहेर आला, कारण त्याच्या लक्षात आलं, की त्याचा सगळा भीमपलास काळी पाचच्या बोटांवर बसलेला आहे. त्याचा हात हळूच पेटीच्या कडेला गेला. अजून दोन घरं खाली सरकवली की झालं, बोटं होती तिथेच.

"हात काढा," माइकपासून तोंड फिरवून सासूबाई म्हणाल्या. "पेटी मूळ जागी आणा. आज जी पट्टी दाबाल तीच वाजली पाहिजे."

"आई, मला पांढरी चारनं येत नाही हो."

"नाही येत तर मागून या. मी थांबते."

आणि त्यांनी सा लावला. खालचा निषाद घेऊन पुन्हा सा, आणि तिथून सरळ मध्यमावर गेल्या. तिथे थांबल्या. काळी पाचवर. आयुष्यभर जिथून सुरुवात केली, तिथे त्या आज पाच घरं चढून आल्या होत्या, आणि इतक्या सहज आल्या होत्या, की पुढे बसलेल्या एका आजोबांनी नकळत 'वा' म्हटलं. बंदिश सुरू झाली. प्रकाशनं पहिल्या समेवर थाप दिली आणि तबल्याचा सूर बाईंच्या मध्यमात असा मिसळला की कुठला कुणाचा ते कळेना. मंचाच्या कडेला बसलेल्या सहा पोरांनी एकदम माना झटकल्या.

अभिजितनं चुका केल्या. पुष्कळ केल्या. कोमल गंधाराच्या जागी दोनदा भलतीच पट्टी दाबली. दोन्ही वेळा सासूबाईंनी न थांबता तो गंधार जरा लांबवून म्हटला, म्हणजे त्याला सापडेल. तिसऱ्यांदा सापडला. मग त्या वर चढायला लागल्या. पंचम, निषाद. उल्कानं डोळे मिटले. अभिजितचंही बोट थांबलं. वरचा सा आला, आणि स्नेहलताबाई त्याच्यावर नुसत्या पोचल्या नाहीत, बसल्या. पदर सारखा केला. इकडेतिकडे पाहिलं. आणि अजून जागा आहे असं दिसल्यावर त्याच्याही वरच्या गंधाराला जाऊन आल्या, आणि येताना चक्क हसल्या. अभिजित त्या वेळी रडत होता. पण पेटीच्या मागे बसलेल्या माणसाकडे तसंही कुणी बघत नाही.

घरी जाताना गाडीत चकल्यांचा डबा मांडीवर घेऊन त्यांनी नागपूरला फोन लावला. मागच्या सीटवर रेवा पेंगली होती.

"रेवती, ऐक. मी ते हवेचं सांगितलं होतं ना? ते विसर. हवाबिवा काही नाही. पांढरी चार. हो, पांढरी. काय झालं म्हणजे? सुटले मी! आणि क्लासातल्या त्या साठीच्या दोघी-तिघी आहेत ना, घसा ताणून राहिल्यात काळी चारला? त्यांना म्हणावं, बाईंनी खाली बोलावलंय. लाजू नका म्हणावं. जागा छान आहे."

फोन ठेवून त्यांनी एक चकली मोडली आणि अर्धी पुढे, गाडी चालवणाऱ्या जावयाच्या हातावर ठेवली.

"गंधार चुकला तुमचा."

"दोनदाच, आई."

"चारदा. उद्यापासून रोज बसायचं, पांढरी चारनं. सकाळी मी कालव्यावरून फिरून आले की लगेच."

"अजून जाणार तुम्ही कालव्यावर?"

"का नाही?" स्नेहलताबाई म्हणाल्या. "त्या कानटोपीवाल्या दोघी यायच्या आहेत. त्यांनाही सांगायचंय मला."